पाव तासाची तबकडी आणि तिचे श्रोते

बिकिनी किल या अमेरिकी पंक बँडने 1992 मध्ये स्वतःच्याच नावाने प्रसिद्ध केलेल्या ध्वनिमुद्रिकेत अवघी सहा गाणी आहेत आणि ती सगळी ओळीने ऐकायला सुमारे पाव तास लागतो. एवढ्या लहान कृतीविषयी तीन दशकांनंतरही श्रोत्यांचे एकमत झालेले नाही. कोणाला ती पंक संगीतातील स्त्रीस्वराची सर्वांत निर्भय नोंद वाटते, कोणाला ती कच्च्या तयारीने घाईघाईत उरकलेली वाटते, तर तिचे ऐतिहासिक महत्त्व मान्य करूनही ती पुन्हा ऐकावीशी वाटत नाही असे म्हणणारा श्रोतावर्गही बराच मोठा आहे. वरवर पाहता हा आवडीनिवडीचा भाग वाटला, तरी त्याच्या मुळाशी एक गंभीर प्रश्न आहे. ध्वनिमुद्रिकेकडे पूर्ण झालेली संगीतरचना म्हणून पाहायचे, की विशिष्ट श्रोत्यांना उद्देशून केलेले आवाहन म्हणून? या तबकडीविषयीचे बहुतेक वाद या दोन भूमिकांच्या सरमिसळीतून उद्भवले आहेत, आणि ते उलगडण्यासाठी ती कोठे, कोणी आणि कोणासाठी घडवली हे आधी पाहावे लागते.

ऑलिंपिया ही अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यातील वॉशिंग्टन राज्याची राजधानी असली तरी ते मुळात लहान शहर आहे, आणि तेथील एव्हरग्रीन स्टेट कॉलेज या प्रयोगशील महाविद्यालयामुळे तेथे कलावंत, विद्यार्थी आणि हौशी संगीतकार यांचा एक मोकळा समूह तयार झाला होता. बिकिनी किलची स्थापना 1990 मध्ये याच शहरात झाली. गायिका कॅथलीन हॅना ही एव्हरग्रीनमध्ये छायाचित्रणाची विद्यार्थिनी होती, स्वतःचे लेखन श्रोत्यांसमोर बोलून सादर करीत असे, आणि कौटुंबिक हिंसाचाराला बळी पडलेल्या स्त्रियांसाठीच्या आधारगृहात तिने काम केले होते. लेखिका कॅथी ॲकर हिने तिला असा सल्ला दिला की लोकांनी आपले म्हणणे ऐकावे असे वाटत असेल तर शब्दवाचन सोडून बँड काढावा, कारण ते वाचन ऐकायला फारसे कोणी येत नाही. ड्रमवादक टोबी व्हेल हिने किशोरवयापासून बँडमध्ये वाजवलेले होते आणि ‘जिगसॉ’ नावाचे झीन ती काढत होती. झीन म्हणजे हाताने लिहून किंवा टंकून, चित्रे कापून-चिकटवून, फोटोकॉपी यंत्रावर छापलेले आणि टपालाने किंवा मैफलीच्या ठिकाणी हातोहात पोचवलेले छोटे प्रकाशन. साठीच्या दशकात मराठीत सायक्लोस्टाइल करून निघालेली अनियतकालिके ज्यांना ठाऊक आहेत त्यांना या प्रकाशनांमागची ऊर्मी समजणे अवघड जाणार नाही. बेसवादक कॅथी विल्कॉक्स आणि गिटारवादक बिली कॅरन यांच्यासह बँडचा चौकोन पूर्ण झाला. त्यात कॅरन हा एकमेव पुरुष होता.

1991 च्या उन्हाळ्यात हा बँड आणि ‘ब्रॅटमोबिल’ हा त्यांचा मित्र-बँड अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला, वॉशिंग्टन डीसी या राजधानीच्या शहरात मुक्कामाला होते. त्या वर्षीच्या मे महिन्यात त्या शहराच्या माउंट प्लेझंट भागात पोलिसांच्या गोळीबारानंतर दंगल उसळली होती, आणि मुलींनीही अशीच दंगल करायला हवी हा विचार या मैत्रिणींच्या पत्रव्यवहारात आणि बोलण्यात आला. त्यातून ‘रायट ग्रर्ल’ हे नाव पुढे आले, ज्यात दंगल आहे आणि मुलगी या शब्दाच्या मधोमध गुरगुरणेही आहे. याच नावाने एक छोटे झीन निघाले, मुलींच्या साप्ताहिक बैठका सुरू झाल्या आणि 1992 च्या उन्हाळ्यात राजधानीत त्यांचे पहिले अधिवेशन भरले. चळवळीचा जाहीरनामा त्याआधीच, 1991 मध्ये, बिकिनी किल याच नावाच्या झीनच्या दुसऱ्या अंकात छापला गेला होता. भोवतालचा काळही लक्षात घ्यावा लागतो. 1991 च्या ऑक्टोबरमध्ये अनिता हिल या प्राध्यापिकेने सर्वोच्च न्यायालयाच्या नियोजित न्यायमूर्तींविरुद्ध लैंगिक छळाची साक्ष दिली आणि सगळ्या देशाने दूरचित्रवाणीवर तिची उलटतपासणी पाहिली. पुढच्याच वर्षी गर्भपाताच्या हक्काचा प्रश्न त्याच न्यायालयापुढे पुन्हा आला. घरात, शाळेत आणि मैफलीत स्वतःच्या शरीराला काय सोसावे लागते हे उघडपणे बोलण्याची गरज असलेल्या मुलींची एक पिढी त्या वेळी तयार झालेली होती, आणि ही तबकडी तिच्या हाती पडली.

तबकडीचा आकारही विचारात घ्यावा लागतो. ईपी, म्हणजे एक्स्टेंडेड प्ले, हा ध्वनिमुद्रिकांचा मधला आकार आहे: त्यात एकेरी गाण्याच्या सात इंची तबकडीपेक्षा अधिक आणि पूर्ण लांबीच्या अल्बमपेक्षा कमी संगीत असते. पंक संगीताला हा आकार सुरुवातीपासून मानवला, कारण त्याची निर्मिती स्वस्त असते, मोठ्या कंपनीशिवाय ती बाजारात आणता येते, आणि लांबण लावण्याचा मोह त्यात राहत नाही. रमोन्स या न्यूयॉर्कच्या बँडच्या 1976 मधल्या पहिल्या अल्बममध्ये चौदा गाणी आहेत आणि तो अर्ध्या तासाच्या आत संपतो. वॉशिंग्टन डीसीच्या मायनर थ्रेट या बँडच्या 1981 मधल्या पहिल्या ईपीत आठ गाणी दहा मिनिटांच्या आत बसवलेली आहेत. मायनर थ्रेटची ही शैली हार्डकोर म्हणून ओळखली जाते आणि तिचा लहानपणा मुख्यतः वेगातून येतो. बिकिनी किलच्या ईपीतला लहानपणा मात्र वेगळ्या जातीचा आहे, आणि या फरकाकडे तिच्या टीकाकारांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही. ही गाणी फार वेगवान नाहीत. त्यांची लय बरेचदा मध्यम असते, मध्ये थांबे असतात, आणि या थांब्यांत आवाजाला बोलण्यासाठी जागा ठेवलेली असते. गाणे लहान होते ते एकल गिटारवादन, सजावट आणि कडव्यांची पुनरावृत्ती यांना त्यात स्थान नसल्यामुळे. जे सांगायचे ते सांगून झाले की गाणे संपते. ज्या श्रोत्याला गाण्याचा विस्तार ऐकायची सवय आहे त्याला यामुळे अपुरेपणा जाणवतो, आणि तो अपुरेपणा तो वादकांच्या अकौशल्यावर ढकलतो. व्हेलचे वादन नीट ऐकले तर हे निदान चुकीचे ठरते. तिचे ठोके साधे आहेत, पण कोठे थांबायचे आणि कोठे नेमका जोर द्यायचा याचे भान त्यात सतत आहे, आणि हॅनाचा आवाज मोकळेपणाने वळणे घेऊ शकतो तो याच भक्कम आधारावर.

ध्वनिमुद्रणाच्या दर्जाविषयीचे मतभेद तर सर्वांत जुने आहेत. ईपीतल्या पहिल्या पाचही गाण्यांचे आधीचे रूप बँडने 1991 मध्ये ‘रेव्होल्यूशन गर्ल स्टाइल नाऊ’ या कॅसेटवर स्वतःच काढले होते. त्यानंतर तीच गाणी पुन्हा मुद्रित झाली ती व्हर्जिनिया राज्यातील आर्लिंग्टन येथील इनर इअर स्टुडिओत, आणि हे काम केले इयन मकाय याने, जो मायनर थ्रेटचा गायक, डिस्कॉर्ड रेकॉर्ड्स या स्वतंत्र कंपनीचा एक संस्थापक आणि त्या काळी फुगाझी या बँडचा गायक-गिटारवादक होता. ईपी प्रसिद्ध केली ती मात्र ऑलिंपियाच्या ‘किल रॉक स्टार्स’ या कंपनीने, जी स्लिम मून याने 1991 मध्ये सुरू केली होती. मकायच्या हाताखाली या गाण्यांना कॅसेटपेक्षा अधिक स्पष्टता आली: बेस गिटारची रेघ वेगळी ऐकू येते, ड्रम कोरडे आणि जवळचे वाटतात, आवाज सगळ्यांच्या पुढे उभा राहतो. तरीही स्टुडिओतला झगझगीतपणा त्यांत कोठेही नाही. पहिल्या गाण्याच्या आरंभी तर वाद्यांची घरघर आणि त्याविषयीची सहज उच्चारलेली शंका तशीच ठेवलेली आहे, आणि तिच्या पाठोपाठ गायिका बँडचे नाव सांगून मुलींच्या रीतीची क्रांती हवी असल्याची मागणी जाहीर करते. हा आरंभ ऐकून काही श्रोत्यांना वाटते की ही सरावाची फीत चुकून बाहेर पडली आहे. दुसऱ्यांना त्यातच निमंत्रण ऐकू येते, कारण ज्या कामात शंका विचारायला लाज वाटत नाही ते काम आपणही करू शकू असा विश्वास त्यातून मिळतो. कॅसेटच्या अधिक खडबडीत रूपावर प्रेम करणारे श्रोतेही आहेत. याच्या उलट, 1993 मध्ये जोन जेट या ज्येष्ठ रॉक-गायिकेच्या निर्मितीखाली मुद्रित झालेली एकेरी तबकडी ज्यांनी आधी ऐकली, त्यांना तिच्यातल्या भरीव, गोलाई असलेल्या ध्वनीपुढे ईपी पातळ वाटते. या तिन्ही मतांत तथ्य आहे. पण ईपीच्या ध्वनीत एक समतोल आहे जो बँडला पुढे पुन्हा क्वचितच साधला: शब्द कळण्याइतका स्वच्छपणा आणि शब्दांची धार बोथट होणार नाही इतका खरखरीतपणा.

या ईपीचा खरा गाभा हॅनाचा आवाज हा आहे, आणि श्रोत्यांची सर्वांत टोकाची मतेही त्याच्याविषयीच आहेत. तो आवाज एका गाण्याच्या आत चार-पाच वयांचा होतो. लहान मुलीचा लाडिक हेल, अमेरिकी शाळकरी मुलींची ओढून बोलण्याची ढब, उपहासाने केलेली नक्कल, आणि मग पोटातून आलेली, घसा फाटेल अशी आरोळी, हे सगळे काही सेकंदांच्या अंतराने येते. अनेकांना हे ऐकणे असह्य होते आणि ते प्रामाणिकपणे तसे सांगतात. आवाज किंचाळणारा आहे, सुरात नाही, कानाला टोचतो, ही तक्रार पहिल्यापासून आजपर्यंत कायम आहे. त्या तक्रारीतला एक भाग मान्य करायला हवा, तो असा की हा आवाज सुखावह होण्यासाठी घडवलेलाच नाही. दुसरा भाग मात्र तपासून पाहावा लागतो. पुरुष पंक-गायकाच्या ओरडण्याला त्याच संगीतात आवेश म्हटले जाते आणि स्त्रीच्या ओरडण्याला कर्कशपणा म्हटले जाते, आणि हा भेद कानाचा नसून सवयीचा आहे. हॅनाने केलेले काम असे की मुलीकडून अपेक्षित असलेला गोड स्वर तिने पूर्णपणे टाकून दिला नाही. तो उचलून घेतला, त्याचे कृत्रिम रूप दाखवले, आणि त्याच्याच आतून संताप बाहेर काढला. नुसती आरोळी इतर अनेकांनी ठोकली आहे. गोडव्याचे आरोळीत होणारे हे रूपांतर या ईपीची स्वतःची कमाई आहे.

‘डबल डेअर या’ हे पहिले गाणे शाळेच्या आवारात मुले एकमेकांना घालतात तशा पैजेच्या भाषेत रचलेले आहे; त्यात मुलीला आव्हान दिले जाते की तिला जे हवे ते तिने करून दाखवावे, स्वतःच्या हक्कांसाठी बोलावे. ज्यांना गाण्यात गुंतागुंत लागते त्यांना हे घोषणाबाजीसारखे वाटते, आणि त्याची रचना खरोखरच घोषणेची आहे. पण आव्हान ज्या सुरात दिले आहे त्यात चिडवणे आणि पाठीशी उभे राहणे या दोन्ही गोष्टी असल्याने ते उपदेश होत नाही. दुसरे गाणे ‘लायर’. त्यात हॅनाने जॉन लेननच्या 1969 मधल्या शांततेच्या प्रसिद्ध गीताची ओळख पटेल अशी ओळ गुंफली आहे आणि तिच्यासोबत किंकाळ्या ऐकवल्या आहेत, ज्यामुळे घराबाहेरच्या शांततेचे गाणे आणि घरातल्या बंद दाराआडची हिंसा एकाच वेळी कानावर पडतात. साठच्या दशकातील संगीतावर श्रद्धा असलेल्या श्रोत्यांना हा अवमान वाटला तर नवल नाही. प्रत्यक्षात पंकने आपल्या आधीच्या पिढीवर केलेल्या टीकेपैकी ही फार थोड्या वेळात, फार नेमकेपणाने केलेली टीका आहे.

तिसरे गाणे, ‘कार्निव्हल’, केवळ दीड मिनिटाच्या आसपासचे असले तरी त्याच्यावर सर्वाधिक थांबायला हवे. फिरत्या जत्रेच्या चकचकाटामागे पाळणे चालवणारे पुरुष आणि अल्पवयीन मुली यांच्यात जो व्यवहार चालतो त्याचे हे गाणे आहे, आणि ते गायिका आरंभीच बोलून सांगते. इतक्या गंभीर विषयावरचे गाणे उड्या मारत, जवळजवळ आनंदाने जाते. त्यामुळे श्रोत्यांत तट पडतात: हे शोषणाचे चित्रण आहे की त्याकडे केलेली डोळेझाक? गाण्यात निषेधाचे एकही वाक्य नाही हे खरे आहे. मात्र ज्या मुलीच्या नजरेतून ते गायले आहे तिला जत्रा खरोखर हवीहवीशी वाटते, आणि तिला हवेहवेसे वाटणे व तिचा गैरफायदा घेतला जाणे या दोन्ही गोष्टी एकाच संध्याकाळी घडतात. मोठ्यांच्या भाषेत तिची कीव केली असती तर तिचा आवाज पुन्हा एकदा तिच्याकडून काढून घेतला गेला असता. चौथे गाणे, ज्याचे शीर्षक मुद्दामच उद्धट आहे, कुटुंबातील लैंगिक अत्याचार आणि त्यावर पांघरूण घालणारी आई यांच्याविषयी आहे. त्यातली धिटाई अनेक श्रोत्यांना धक्का देते. आधारगृहात ज्या कहाण्या दबक्या आवाजात सांगितल्या जातात त्या येथे मोठ्या आवाजात आल्या आहेत, आणि लाज कोणाला वाटायला हवी याची दिशा त्या गाण्याने बदलली आहे.

पाचवे गाणे ‘फील्स ब्लाइंड’ हे आहे, आणि ईपीविषयी एरवी मतभेद असणारे श्रोतेही या एका गाण्यावर बहुधा एकत्र येतात. ते एकट्या बेस गिटारच्या संथ रेघेने सुरू होते, गिटार आणि ड्रम तिच्याभोवती हळूहळू जमा होतात, आणि आवाज बराच वेळ स्वतःला आवरून धरतो. भुकेली मुलगी द्वेषालाच प्रेम समजून गिळते, अशा अर्थाची प्रतिमा त्याच्या केंद्रस्थानी आहे, आणि जगाने आपल्याला काय शिकवले या प्रश्नाला ते भिडते. बँडला विस्तार करता येत नव्हता, फक्त ओरडता येत होते, हा आक्षेप या गाण्यापुढे टिकत नाही. ते आधी ‘किल रॉक स्टार्स’च्या 1991 मधल्या संकलनातही आले होते, त्यामुळे अनेक श्रोत्यांची बँडशी पहिली ओळख याच गाण्याने झाली. बिकिनी किलने पुढे जे काही केले त्यातही याच्या तोडीचे फार थोडे आहे.

याच्यानंतर येणारे सहावे आणि शेवटचे गाणे, ‘थर्स्टन हार्ट्स द हू’, हे स्टुडिओतले नसून प्रत्यक्ष कार्यक्रमातले आहे, आणि ईपीतील सर्वांत दुबळा भाग म्हणून बहुतेक श्रोते त्याच्याकडेच बोट दाखवतात. शीर्षकातला थर्स्टन म्हणजे सॉनिक यूथ या प्रतिष्ठित बँडचा थर्स्टन मूर. गाण्याचा रोख असा की नावाजलेल्या संगीतकारांनी चांगले म्हटले तरच आपल्याला किंमत येते का? या गोंगाटात गायिकेच्या आवाजाबरोबर दुसरा आवाज बँडविषयी लिहिलेला मजकूर वाचत राहतो. संगीत म्हणून त्यात फारसे काही उभे राहत नाही, आणि पाच गाण्यांनी निर्माण केलेला ताण त्यामुळे सैल पडतो, हा आक्षेप योग्य आहे. पण श्रोत्यांच्या मतांचा विचार करणाऱ्याला हे गाणे टाळता येत नाही, कारण येथे बँडने आपल्यावरचे मतच उचलून गाण्याचा कच्चा माल केला आहे. कोणाचे मत ऐकायचे, कोणाचे नाही, आणि मत देण्याचा अधिकार काही मोजक्या लोकांकडेच का असावा, हा प्रश्न तबकडी स्वतःच विचारते.

ही तबकडी कोणासाठी आहे याबद्दल तिच्या निर्मात्यांनी कसलीही संदिग्धता ठेवली नव्हती. पंकच्या कार्यक्रमांत रंगमंचासमोरची जागा ही धक्काबुक्की करत नाचणाऱ्या मुलांच्या ताब्यात असे आणि मुली भिंतीला टेकून, मित्रांचे कोट सांभाळत उभ्या राहत; हॅना मुलींना पुढे बोलावत असे, त्यांना गाण्यांच्या शब्दांची पत्रके वाटली जात आणि कधी मायक्रोफोनही त्यांच्या हाती दिला जाई. म्हणून ईपीचे सर्वांत महत्त्वाचे श्रोते त्या मुली होत्या, आणि त्यांची मते परीक्षणांत न येता पत्रांत, झीनमध्ये आणि नव्या बँडच्या रूपात आली. ऐकून झाल्यावर वाद्य हाती घेणे ही एखाद्या तबकडीला मिळालेली सर्वांत ठोस दाद म्हणायला हवी. पुरुष श्रोत्यांपैकी काहींना मात्र आपल्याला मागे सारले गेल्याचे जाणवले आणि त्या रागाचे पडसाद कार्यक्रमांत शिवीगाळ आणि प्रसंगी शारीरिक हल्ला यांच्या रूपात उमटले. दुसरीकडे, ज्या तबकडीवर गिटार पुरुषाची आहे आणि मुद्रणही पुरुषाने केले आहे ती मुलींची कशी, असेही विचारले गेले. हा प्रश्न वाटतो तितका बिनतोड नाही, कारण बँडने पुरुषांना हाकलले नव्हते. त्यांनी कोणत्या जागी उभे राहायचे ते बदलले होते, आणि कॅरन व मकाय या दोघांनी ती जागा स्वीकारली होती.

1992 च्या उत्तरार्धात मोठ्या वृत्तपत्रांचे आणि साप्ताहिकांचे लक्ष रायट ग्रर्लकडे वळले. ‘यूएसए टुडे’ आणि ‘न्यूजवीक’ यांनी चळवळीवर लिहिले, पण प्रसारमाध्यमांच्या या लाटेत मुलींचे कपडे, केशरचना, अंगावर रंगाने लिहिलेले शब्द यांची चर्चा अधिक आणि संगीताची कमी झाली. चळवळीतील अनेकींनी याला उत्तर म्हणून मुख्य माध्यमांना मुलाखती न देण्याचा निर्णय घेतला. त्याचा परिणाम दुहेरी झाला: मुलींना आपले बोलणे विकृत होण्यापासून काही अंशी वाचवता आले, पण ईपी न ऐकताच तिच्याविषयी मत बनवणाऱ्यांची संख्याही वाढली. आजही या तबकडीविषयी ठाम बोलणाऱ्यांपैकी अनेकांचे बोलणे चळवळीविषयी असते, गाण्यांविषयी नसते, आणि हे तिच्या चाहत्यांच्या बाबतीतही तितकेच खरे आहे.

चळवळीच्या आतून आलेली एक टीका मात्र अशी आहे जिला बगल देता येत नाही. रायट ग्रर्लच्या भाषेत मुलगी हा शब्द सर्वांसाठी असल्यासारखा वापरला गेला, तरी प्रत्यक्षात ती मुलगी बहुधा गोरी आणि मध्यमवर्गीय होती. न्यू जर्सीची कृष्णवर्णीय किशोरी रमदाशा बिकसीम ‘गंक’ या आपल्या झीनमधून याच काळात पंकमधल्या वंशभेदाविषयी लिहीत होती, आणि 1997 मध्ये मिमी थी न्गुएन या अभ्यासक-लेखिकेने ‘इव्होल्यूशन ऑफ अ रेस रायट’ हे पंकमधील गौरेतरांच्या लेखनाचे संकलन काढले. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्कमध्ये तमार-काली आणि तिच्या कृष्णवर्णीय सहगायिकांनी ‘सिस्टा ग्रर्ल रायट’ या नावाने स्वतःचे कार्यक्रम सुरू केले. ही टीका ईपीला ऐकण्याच्या अनुभवातही उतरते: ज्या धिटाईने गोरी मुलगी ओरडू शकते तितक्याच धिटाईने ओरडणाऱ्या कृष्णवर्णीय मुलीला समाज कसा वागवतो, याची जाणीव या सहा गाण्यांत नाही. विशेष म्हणजे पंकमधील स्त्रीच्या या आरोळीची वाट ज्यांनी आधी मोकळी केली त्यांत लंडनच्या एक्स-रे स्पेक्सची पॉली स्टायरीन ही सोमाली वडिलांची मुलगी आणि लॉस एंजेलिसची मेक्सिकन-अमेरिकी ॲलिस बॅग यांची नावे ठळक आहेत, आणि दोघींची कामगिरी 1977 च्या सुमाराची आहे.

माध्यम बदलले तसे ऐकणेही बदलले. 1993 मध्ये बिकिनी किलने हगी बेअर या ब्रिटिश बँडबरोबर अर्धी-अर्धी बाजू वाटून घेतलेली तबकडी काढली, आणि पुढच्या वर्षी तिची आपली बाजू आणि ही ईपी एकत्र करून एक सीडी प्रसिद्ध केली. त्यानंतरच्या बहुसंख्य श्रोत्यांनी ईपी ऐकली ती या सीडीवर, जिथे सहाव्या गाण्यानंतर शांतता न येता पुढचे गाणे सुरू होते. तबकडी संपल्यावर पुन्हा पहिल्या बाजूकडे वळण्याचा जो अनुभव मूळ आकारात होता तो त्यांना मिळाला नाही. एकसुरीपणाची तक्रार याच श्रोत्यांकडून अधिक येते, आणि तिचे कारण संगीतात कमी व या मांडणीत अधिक आहे. बँड 1997 मध्ये थांबला, 2012 मध्ये त्याने स्वतःच्या नावाची कंपनी काढून ईपीची विसाव्या वर्षाची आवृत्ती स्वतंत्रपणे काढली आणि 2019 मध्ये तो पुन्हा रंगमंचावर आला. दरम्यान न्यूयॉर्क विद्यापीठाच्या फेल्स ग्रंथालयात रायट ग्रर्लच्या झीन, पत्रे आणि पत्रकांचा संग्रह उभा राहिला, आणि ज्या कागदांवर या तबकडीच्या पहिल्या श्रोत्यांनी लिहिले होते ते कागद अभ्यासाचे साधन झाले.

या संग्रहामुळे एक धोकाही निर्माण झाला आहे, तो असा की ईपीला केवळ दस्तऐवज म्हणून मान देऊन बाजूला ठेवले जाते. संगीत कच्चे आहे पण महत्त्व मोठे आहे, हे आदराचे वाटणारे वाक्य प्रत्यक्षात तिच्यावर अन्याय करते, कारण जे महत्त्व तिला मिळाले ते संगीतातूनच मिळाले. हेच विचार पत्रकात छापून वाटले असते तर त्यांना इतके श्रोते लाभले नसते, आणि ॲकरने हॅनाला नेमके हेच सांगितले होते. सहापैकी पाच गाणी आजही स्वतःच्या बळावर उभी आहेत, त्यांतले एक उत्कृष्ट आहे आणि सहावे नोंद म्हणून ठेवण्याजोगे आहे. ज्या वाचकाने ही ईपी अजून ऐकलेली नाही त्याने तिच्याविषयीचे आणखी काही वाचण्याआधी गाण्यांचे शब्द समोर ठेवून ती पहिल्या गाण्यापासून ओळीने ऐकावी, आणि आवाज खटकला तरी निदान पाचव्या गाण्यापर्यंत थांबावे.